पायांत चाळ, तोंडाला कुलूप

औरंगाबादची लेणी आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. लेणी मात्र तीच आहेत. बीबीच्या मकबऱ्याच्या पलीकडे, विद्यापीठाच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला ती कोरलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याला माणसांची रीघ लागते. इकडे त्या मानाने थोडेच लोक येतात.

यांतल्या सातव्या लेण्यात जावे. आत गाभाऱ्यात बुद्धाची मूर्ती आहे. डोळे अंधाराला सरावले की बाजूच्या भिंतीवर एक बाई दिसते. ती नाचते आहे. तिच्या दोन्ही अंगांना वाद्ये वाजवणाऱ्या बायका आहेत. हे काम चौदाशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने आहे. ज्या कारागिराने हे कोरले, त्याने नाचणारीला दाराबाहेर ठेवले नाही. तिला थेट गाभाऱ्यात जागा दिली.

दगडातल्या नाचणारीला आपण वाखाणतो. पण गावच्या जत्रेत जिवंत नाचणारी येते, तेव्हा आपण कसे वागतो? रात्री टाळ्या वाजवतो, शिट्ट्या मारतो. सकाळी तीच बाई हापशावर पाणी भरायला आली, तर तोंड फिरवतो. आणि रात्री कनातीमागे कोणी तिचा हात धरला, तर म्हणतो, "नाचणारीच ती! तिला काय त्याचं?"

या पाठात आपण त्याच गोष्टीविषयी बोलणार आहोत. विषय जरा अवघड आहे. पण जे बोलायला अवघड, ते वाचायला तरी शिकलेच पाहिजे.

फड कसा चालतो

आधी फडाची रीत समजून घेऊ.

तमाशाचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक ढोलकीचा फड. त्यात गण, गौळण आणि वग असतो. मोठ्या फडात पन्नास-शंभर माणसे असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, गाडीवान, सगळे त्यात आले. दुसरा प्रकार म्हणजे संगीतबारी. तिथे बायकांच्या पार्ट्या असतात आणि थिएटरात लावणी होते. चौफुला, सणसवाडी, मोडनिंब, जामखेड ही त्यांची नावाजलेली ठिकाणे.

दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतात. पावसाळा तोंडावर आला की परत येतात. चैत्रातल्या जत्रांसाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथे येतात आणि सुपारी देतात.

हंगामाच्या आधी फडमालक कलावंतांना उचल देतो. पावसाळ्यात हाताला काम नसते. पोरांची पोटे भरायची असतात, घर शाकारायचे असते, आजारपण असते. म्हणून बाई उचल घेते. मालकानेही ती रक्कम पुष्कळदा व्याजाने काढलेली असते. मग मालक म्हणतो, "उचल फिटेस्तोवर फड सोडायचा नाही."

ही गाठ नीट ध्यानात ठेवा. पुढच्या गोष्टी हिच्यातूनच निघतात.

कुलूप कोण लावते?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. हा प्रसंग कोणा एका फडाचा नव्हे. तो कुठेही घडू शकतो. म्हणून त्याला नावे देत नाही.

वग संपला आहे. पहाट व्हायला आली आहे. राहुटीत एक तरुण नाचणारी पायांतले चाळ सोडत बसली आहे. चाळांच्या ओझ्याने घोटे सुजले आहेत. पण तिचे डोळे रडून लाल झाले आहेत. शेजारी एक वयस्क गाणारी आहे.

"काय झालं, पोरी?"

"काई नाई, मावशी."

"काई नाई कसं? डोळे बघ कसे झालेत. बोल की."

"बोलून काय करू? मालकाचा भाऊ रोज तंबूमागं आडवा येतो. आज हात धरला. म्हनला, कोनाला सांगितलंस तर उद्यापासून नाचायची नाईस. उचल आत्ताच्या आत्ता टाक म्हनला."

मावशी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आमच्या वेळीबी असंच होतं, माय. आम्ही गिळलं. तूबी गीळ."

पाहा बरे, मावशी वाईट नाही. तिची माया खरी आहे. पण तिच्याही तोंडाला कुलूप आहे. आणि तेच कुलूप ती आता पोरीच्या हातात देते आहे.

हे कुलूप कोणकोण लावते? मोजू या.

पहिले कुलूप उचलीचे. पैसे अंगावर आहेत, तोवर बोलायची हिंमत होत नाही.

दुसरे पोटाचे. एका फडाने काढले, तर दुसरा फड घेईल का? फडमालक एकमेकांना ओळखतात. "ती भांडखोर आहे" एवढा शब्द पुढे गेला, तरी बाईची सुपारी बुडते.

तिसरे गुरूचे. ज्याने ताल शिकवला, पाय टाकायला शिकवला, त्याच्याविरुद्ध कसे बोलावे? पाप लागेल असे वाटते. पण गुरूचे ऋण विद्येचे असते. ते विद्येने फेडावे. त्यासाठी अंगाला हात लावू द्यावा, असे कोणत्या शास्त्रात आहे?

चौथे बिरादरीचे. जातपंचायत बसते. "घरातलं उणं चव्हाट्यावर आणलं" म्हणून वाळीत टाकते.

पाचवे कुलूप सगळ्यांत जड. ते आपले, म्हणजे बघणाऱ्यांचे. "नाचायला उभी राहिली, म्हणजे असंच व्हायचं" हे आपले बोलणे म्हणजेच ते कुलूप. पोलीस पाटील असो की सरपंच, तक्रार ऐकणाऱ्याच्या मनात हेच असेल, तर बाईने बोलावे तरी कोणापुढे?

विठाबाईंची गोष्ट

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रात ठाऊक नाही असे गाव सापडणे कठीण. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. घरातच तमाशा होता. त्यांच्या गाण्याला आणि नाचाला तोड नव्हती. राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला.

त्यांची एक गोष्ट सर्वत्र सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे गेल्या. तिथेच बाळंत झाल्या. दगडाने नाळ तोडली, कंबर बांधली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. लोकांना खरे कळले, तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले.

ही गोष्ट ऐकून आपण म्हणतो, "धन्य ती बाई!" खरेच धन्य. पण आम्हांला आणखी एक गोष्ट विचाराविशी वाटते. बाळंतपणाच्या घटकेलाही बाईला फडावर उभे राहावे लागले, ते का? तिला चार दिवस सुट्टी देणारे कोणी का नव्हते? विठाबाईंचे अखेरचे दिवस हालाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. पण कलावंत जिवंत असताना तिची कोणी विचारपूस करावी, तिचे गाऱ्हाणे कोणी ऐकावे, हे पुरस्काराच्याही आधी यायला हवे.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमाराची आणखी एक गोष्ट. मुंबई सरकारने काही काळ तमाशावर बंदी घातली होती. तमाशात अश्लील बोलतात, असे कारण होते. पुढे बंदी उठली. वगातले शब्द तपासायची व्यवस्था झाली. सोंगाड्याच्या तोंडचे शब्द तपासले गेले. पण कनातीमागे बाईशी कोण कसा वागतो, हे तपासायची व्यवस्था तेव्हा कोणी केली नाही. सारा दोष कलेच्या माथी गेला. माणसे मोकळी राहिली.

एका मुलाने लिहिले

आता कुलूप उघडणाऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका.

सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुका आहे. तिथल्या नेरले गावचा एक मुलगा. कोल्हाटी समाजातला. त्याची आई शांताबाई. ती शाळेत हुशार होती. पण बापाने शाळा सोडवली आणि तिच्या पायांत चाळ बांधले. मुलगा लहान असतानाच आईला त्याला घरच्यांकडे सोडून दूर राहावे लागले. मुलगा उपाशीतापाशी शिकला. मार खाऊन शिकला. मुंबईला वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि डॉक्टर झाला.

त्याने १९९४ साली स्वतःची कहाणी पुस्तकात लिहिली. पुस्तकाचे नाव 'कोल्हाट्याचं पोर'. लेखकाचे नाव डॉ. किशोर शांताबाई काळे.

नाव पुन्हा एकदा वाचा. मधे बापाचे नाव नाही. आईचे आहे. नाचणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेत विचारत, "बापाचं नाव काय?" मुलगा खाली मान घालून उभा राही. मोठेपणी त्याच मुलाने आईचे नाव ताठ मानेने लावले.

त्यांनी काय लिहिले? आपल्याच घरातले लिहिले. मुलगी वयात आली की तिचा चिरा उतरवायचा, म्हणजे पैसे घेऊन तिला पुरुषाच्या हवाली करायचे. ती नाचून कमावणार आणि बाप-भाऊ बसून खाणार. ठेवणारा 'मालक' मन भरले की सोडून देणार. मग पुन्हा चाळ. भावाची बायको घरात, पडद्यात. बहीण मात्र बोर्डावर. लेकीच्या जिवावर घर चालते आणि त्याच घरात लेकीला मान नाही.

हे लिहिणे सोपे नव्हते. परक्याचे उणे कोणीही काढील. आपल्या आजोबाचे, मामाचे उणे काढायला छाती लागते. असे लिहिणाऱ्याला लोक म्हणतात, "समाजाची बदनामी केलीस." पण बदनामी कोणी केली? लेकीला विकणाऱ्याने, की ते सांगणाऱ्याने? घरात साप निघाला, तर "साप आहे" असे ओरडणाऱ्याला आपण दोष देत नाही.

डॉ. काळे २००७ साली अपघातात गेले. वय फार नव्हते. पुस्तक राहिले आहे. ते वाचून अनेकांना पहिल्यांदा कळले की, लावणीच्या मागे केवढे रडणे दडलेले असते.

आणि हेही सांगून टाकू. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्रात आता बंधनकारक आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे, मग आडनाव. किशोर काळ्यांनी जे स्वतःच्या हिमतीने केले, ते तीस वर्षांनी सरकारने सगळ्यांसाठी केले.

हे तमाशातच होते का?

कोणी म्हणेल, "तमाशा तो! तिथं असंच चालायचं. शिकल्या-सवरल्या लोकांच्या कलेत असं नसतं."

हे खरे नाही. दोन उदाहरणे देतो.

चेन्नईला कलाक्षेत्र नावाची मोठी संस्था आहे. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ती काढली. तिथे भरतनाट्यम शिकवतात. देशभरातून मुले-मुली येतात. २०२३ च्या मार्च महिन्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले आणि आवारात ठाण मांडले. शिकवणारेच आमची छेड काढतात, असे त्यांचे म्हणणे होते. एका माजी विद्यार्थिनीने पोलिसांत फिर्याद दिली. एका शिक्षकाला अटक झाली. चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमावी लागली. एकटी मुलगी बोलली असती, तर कदाचित तिलाच घरी पाठवले असते. सगळी एकत्र बसली, म्हणून ऐकावे लागले.

दुसरे उदाहरण केरळचे. २०१७ साली तिथे एका सिनेमा-नटीवर गाडीत अत्याचार झाला. ती गप्प बसली नाही. इतर नट्यांनी तिच्यामागे संघटना उभी केली. सरकारने न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला. पण तो लोकांपुढे यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. अहवालात काय होते? काम हवे असेल तर 'तडजोड' कर, असे बायकांना सांगतात. राहायला सुरक्षित जागा नाही. कपडे बदलायला आडोसा नाही. बोलली तर काम बंद.

आपल्या फडातल्या पोरीचे गाऱ्हाणे आणि सिनेमातल्या नटीचे गाऱ्हाणे, दोन्हींत फरक किती? एकीकडे उचल, दुसरीकडे करार. कुलूप तेच.

आडोशाचेच घ्या. २०२३ साली महाराष्ट्रात एका नामवंत नृत्यांगनेचे कपडे बदलतानाचे चित्रण कोणी चोरून केले आणि मोबाइलवरून पसरवले. राज्य महिला आयोगाने त्याची दखल घेतली. पुण्याला पोलिसांनी गुन्हा नोंदवला. चोरून असे चित्रण करणे हा गुन्हा आहे. ते दुसऱ्याला पाठवणे हाही गुन्हाच. आपल्या मोबाइलवर असे काही आले, तर पुढे ढकलू नका.

शहरात नाटके होतात, एकांकिकांच्या स्पर्धा होतात, नाचाचे वर्ग चालतात, ऑर्केस्ट्रा असतो. गावात भजनी मंडळ असते, कलापथक असते. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याचे काम आणि नाव असते, तिथे जपून राहावे लागते. म्हणून काही लेकीबाळींना कला सोडायला लावू नये. विहिरीत कोणी घाण टाकली, तर आपण विहीर बुजवत नाही. घाण टाकणाऱ्याचा हात धरतो.

कायदा कोणामुळे आला?

आता कायद्याकडे वळू. हा कायदा एका खेड्यातल्या बाईच्या हिमतीतून आला आहे.

राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी. कुंभार समाजाच्या. त्या सरकारच्या महिला विकास कामात 'साथिन' म्हणून काम करत. १९९२ साली त्यांनी गावातला एक बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून गावातल्या बड्या जातीच्या माणसांनी त्यांच्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद त्यांनी दिली. गावाने त्यांनाच वाळीत टाकले. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले.

भंवरीदेवींना स्वतःला न्याय मिळाला नाही. पण त्यांच्या बोलण्यामुळे देशातल्या महिला संस्था जाग्या झाल्या. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्याला विशाखा निकाल म्हणतात. कामाच्या जागी बाईला त्रास होऊ नये, ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, असे न्यायालयाने सांगितले. त्यावरून २०१३ साली संसदेने कायदा केला.

या कायद्यात 'कामाची जागा' म्हणजे नुसती कचेरी नव्हे. शेत, वीटभट्टी, घरकाम, नाटकाचा रंगमंच, तमाशाचा तंबू, कामावर नेणारी गाडीसुद्धा त्यात येते. बाईला पगार मिळो, रोज मिळो, की काहीच न मिळो, कायदा तिला लागू आहे. उमेदवारी करणारी, शिकाऊ मुलगीही त्यात येते.

त्रास म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितले आहे. नको असताना अंगाला हात लावणे. अंगसंगाची मागणी करणे. घाणेरडे बोलणे. घाणेरडी चित्रे दाखवणे. "माझं ऐकलंस तर पुढची जागा देतो, नाहीतर काढून टाकतो" असे म्हणणे. हे सगळे त्रासात मोडते.

तक्रार कोठे करावी?

ही माहिती सावकाश वाचा. जमल्यास वहीत उतरून ठेवा.

ज्या फडात किंवा संस्थेत दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे मालकाने तक्रार समिती नेमली पाहिजे. समितीची प्रमुख बाई असावी लागते. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेचा एक जाणता माणूसही त्यात असावा लागतो. समिती नेमली नाही, तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो.

दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर काय करावे? त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी कचेरीत किंवा महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कचेरीत तिची चौकशी करावी. पैठण असो, कन्नड असो की सोयगाव, प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा एक अधिकारी नेमायचा असतो. त्याने सात दिवसांच्या आत तक्रार स्थानिक समितीकडे पाठवायची असते.

तक्रार लेखी द्यावी लागते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी. अडचण होती असे पटले, तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर समितीने लिहायला मदत केली पाहिजे. हे कायद्यातच आहे. त्यामुळे "मला लिहिता येत नाही" म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. पण आपण आता लिहायला शिकलो आहोत. तेव्हा चार ओळी स्वतःच लिहाव्यात. काय झाले, कोणी केले, कोठे, कोणत्या दिवशी, कोण जवळ होते. एवढे पुरे. खाली सही करावी.

समितीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची असते. ज्याच्यावर आरोप आहे, त्याचेही म्हणणे ऐकून घेतात. हे योग्यच आहे. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव बाहेर फोडायला मनाई आहे. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. आणि "हे घे पैसे आणि मिटव" अशी तडजोड कायद्याला मान्य नाही.

कोणी भीती घालील, "सिद्ध करता आलं नाही, तर तुलाच शिक्षा होईल." हे खोटे आहे. पुरावा कमी पडला, एवढ्यावरून बाईला शिक्षा होत नाही. जाणूनबुजून खोटे रचले असेल, तरच होते.

प्रकार गंभीर असेल, तर सरळ पोलिसांकडे जावे. कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. फड एका जिल्ह्यात आणि घर दुसऱ्या जिल्ह्यात असले, तरी चालते. संकटात ११२ वर फोन करावा. बायकांच्या मदतीसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

अठरा वर्षांखालची मुलगी असो की मुलगा, त्यांच्यासाठी २०१२ चा वेगळा आणि कडक कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. तिथे "आपल्याला काय करायचंय" म्हणता येत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला, मुलाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. उत्पन्न किती, हे विचारत नाहीत.

उचलीचे काय? अंगावर घेतलेले कर्ज वेगळे आणि माणूस वेगळा. कर्जाच्या बदल्यात माणसाला जबरदस्तीने कामाला जुंपून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे.

आणि जातपंचायतीने वाळीत टाकले तर? महाराष्ट्राने २०१६ साली त्यासाठी कायदा केला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपण काय करावे?

कायदा कागदावर असतो. त्याला पाय माणसांनी द्यायचे असतात.

फडातल्या मावशीने पोरीला "गीळ" म्हणू नये. "चल, मी येते तुझ्यासंगं" म्हणावे. एवढ्या एका वाक्याने अर्धी भीती जाते.

सोबतच्या कलावंतांनी साक्ष द्यायला मागे सरू नये. ढोलकीवाला बोलला, सोंगाड्या बोलला, तर बाई एकटी पडत नाही.

फडमालकांनी राहुटीत आडोसा करावा, रात्री दिवा ठेवावा, बायकांच्या तंबूत परक्याला येऊ देऊ नये. पुष्कळ मालक असे वागतात. काही ठिकाणी मालकीणच फड चालवते. त्यांचा दाखला इतरांनी घ्यावा.

गावानेही आपले घर तपासावे. जत्रेची सुपारी देताना पंचांनी नुसता नाच ठरवू नये. कलावंतांना उतरायला बंद जागा, पाणी, संडास आणि राखण यांची सोयही ठरवावी. दारू पिऊन बोर्डावर चढणाऱ्याला खाली ओढायचे काम गावच्या पंचांचे आहे. ते नाचणारीवर सोडू नये.

आणि एक सांभाळावे. ऐकीव गोष्टीवरून पारावर बसून कोणाची अब्रू काढू नये. ती बाईचीही नको आणि पुरुषाचीही नको. जिच्यावर बेतले तिचे ऐकावे, तिला योग्य ठिकाणी न्यावे आणि चौकशी होऊ द्यावी.

आता आपल्या राहुटीतल्या पोरीकडे परत जाऊ. समजा, मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली,

"नगं, पोरी. गिळू नगंस. आम्ही गिळलं, म्हनून तर आज तुझ्यावर आलं. उद्या तुझ्या लेकीवर यील. तुला लिवता येतं ना आता? काढ ती वही. मी सांगते, तू लिव. माझ्याबी काळातलं लिव."

पोरीने पेन्सिल घेतली. बाहेर उजाडत होते.

आठवून सांगा

१. सातव्या लेण्यात नाचणाऱ्या बाईला कोठे जागा दिली आहे?
२. उचल म्हणजे काय? उचलीमुळे बाईचे तोंड कसे बंद होते?
३. डॉ. काळे यांनी स्वतःच्या नावात कोणाचे नाव लावले? का?
४. विशाखा निकाल कोणत्या साली लागला? तो कोणाच्या बोलण्यामुळे आला?
५. मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर ती कोठे द्यावी?
६. आपल्या गावच्या जत्रेत कलावंतांची उतरायची सोय कशी असते? ती कशी असावी, हे पाच ओळींत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.